दोन रकान्यांचं कार्ड

“पेपर राहू दे अक्का. आधी ते मोबाइलवरचं वाच,” रामव्वा म्हणाली.

दुपारचे तीन वाजले असतील. माझ्या ओट्यावर आम्ही सातजणी बसलो होतो. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. विडी वळणाऱ्या बाईचे हात कामात असतात, पण कान रिकामे असतात. म्हणून आमच्या गल्लीत रीत पडली होती, मी वाचायचं आणि बाकीच्यांनी वळायचं. माझं वाचून होईपर्यंत प्रत्येक बाई एक बंडल माझ्यासाठी वळून ठेवायची. त्यामुळे संध्याकाळी कारखान्यात माझा माल कमी पडत नसे.

हे मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकलेलं वाचन. आमच्या घरात तेलुगू बोलतात, अक्षरं मात्र मी मराठी शिकले. शाळेतल्या एक बाई संध्याकाळी आमच्या घरकुल वसाहतीत येऊन वर्ग घ्यायच्या. ‘र’ला काना लावून ‘रा’ होतो हे कळायला मला दहा दिवस लागले. स्वतःचं नाव, राजव्वा, हे नीट लिहायला दोन महिने. पण एकदा वाचायला लागले ते थांबलेच नाही. पेपर, औषधाच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका, जे हाती येईल ते.

मुलानं दिलेला मोबाइल मी चष्म्यासमोर धरला.

“सावधान! प्रत्येक आईबापानं वाचावं,” मी मोठ्यानं सुरुवात केली. “मालिकेतली सून रेवती सरंजामे हिचा खरा चेहरा. मुंबईतल्या बड्या लोकांची एक गुप्त टोळी आहे. नट, शेठ, पुढारी, सगळे तिच्यात आहेत. गरिबांच्या मुली वसतिगृहाच्या नावाखाली गोळा करतात. मुलीच्या मनगटात निळी पट्टी बांधली, की ती मुलगी ठरली. दर पौर्णिमेला काळ्या काचांच्या गाड्या येतात. टोळीची खूण, एका डोळ्यावर हात. खालचा फोटो पाहा. पोलीसही सामील आहेत, म्हणून पेपरात येत नाही. दहाजणांना पाठवा.”

खाली फोटो होता. रेवतीबाई हसत होती आणि तिनं उजव्या हातानं एक डोळा झाकला होता.

“तरीच मेली म्हातारी होत नाही!” रामव्वा म्हणाली. तिला समोरचे दात नव्हते, पण जीभ फार धारदार. “पंधरा वर्षं झाली, आपली सूनच. आमच्याकडच्या सुना दोन वर्षांत सासवा होतात.”

सगळ्या हसल्या. पद्मा हसली नाही. तिची बोटं विडीचं तोंड मुडपता मुडपता तशीच थांबली होती.

“हारिकाच्या हातात निळी पट्टी आहे, अक्का,” ती म्हणाली. “दिवाळीला आली तेव्हा होती. मी म्हटलं काढ, तर काढेना.”

हारिका म्हणजे पद्माची एकुलती एक मुलगी, आठवीतली. जूनमध्ये शाळेच्या बाईंनी तिची निवड करून तिला तुळजापूर रस्त्यावरच्या वसतिगृहात पाठवलं होतं. राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट. ते वसतिगृह या रेवती सरंजामेच्या पैशांवर चालत होतं. फाटकावर तिचं नावच होतं. आमच्या गल्लीतल्या अजून दोन मुली तिथं होत्या.

“खरं असेल का गं अक्का?” पद्मानं विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी चष्मा पुसला. आणि म्हणाले, “लिहिलंय ना.”

हे दोन शब्द मला आजही टोचतात. पण तेव्हा मला खरंच तसं वाटायचं. मला एक ओळ लिहायला पाऊण तास लागायचा, बोटं दुखायची, घाम यायचा. एवढा त्रास घेऊन कोणी खोटं कशाला लिहील? तोंडानं माणूस काहीही बोलतो. लिहिलेलं मात्र खरंच असतं, असं मी धरून चालले होते.

तेवढ्यात अंबादास आला. पद्माचा दीर. टेम्पो चालवायचा. पद्माचा नवरा वारल्यापासून ती अंबादासच्याच घरात राहत होती. गल्लीत त्याला मान होता. देवाच्या रथाच्या मिरवणुकीत पुढे असायचा, कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर भाडं घेत नसे. तो मेसेज मला त्यानंच पाठवला होता.

“वाचला का अक्का? मला सकाळपासून तिघांकडून आलाय.” तो ओट्याच्या पायरीवर टेकला. “वहिनी, मी जूनमध्येच म्हटलं होतं की नाही? आपली पोरगी आपल्या घरात बरी. आत्ताच जाऊन घेऊन येतो.”

“तिथं पुरुषांना सोडत नाहीत, भावजी. आई लागते.”

“मग उद्या तू चल. अक्कालाही घे. वाचणारं माणूस बरोबर असलं की ते लोक कागद दाखवून गंडवत नाहीत. मी टेम्पो काढतो.”

“जाऊ,” मी म्हणाले. मला त्या ‘वाचणारं माणूस’चा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही निघालो. पुढं अंबादास, त्याच्या शेजारी मी, दाराशी पद्मा. तिनं हारिकाचं सामान भरायला एक रिकामं पोतं आणलं होतं आणि ती वाटभर त्या पोत्याची घडी घालत आणि मोडत होती. अंबादास मात्र खुशीत होता. वाटेत त्यानं थांबून भजी घेतली. हारिकासाठी वेगळी पुडी बांधून घेतली. “तिला आवडतात,” म्हणाला.

वसतिगृहाच्या फाटकाशी त्यानं टेम्पो लावला. “मी इथंच आहे. ते लोक काही म्हणाले तर ऐकू नका. पोरीला घेऊनच बाहेर या.”

मी आत जाताना काळ्या काचांची गाडी शोधत होते. आवारात एक चिंचेचं झाड होतं, दोरीवर ओढण्या वाळत होत्या आणि भिंतीला दूधवाल्याची सायकल टेकलेली होती. कुठल्यातरी वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता.

ऑफिसच्या बाहेर भिंतीवर तोच फोटो. रेवतीबाई, एक डोळा झाकलेला. पद्मानं माझा हात धरला. पण मोबाइलवर फोटो चौकोनी कापलेला होता. इथं तो पुरा होता. बाईच्या शेजारी एक लहान मुलगी तसाच डोळा झाकून उभी होती आणि समोर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. खाली लिहिलं होतं, ‘मोफत नेत्रतपासणी. एक डोळा झाका आणि वाचा.’

मी ते दोनदा वाचलं. पद्मानं विचारलं, “काय आहे?”

“चष्म्याचं आहे,” मी म्हणाले.

घोळवेबाई तिथल्या प्रमुख होत्या. उंच, सुती साडीतल्या, कानामागे पेन खोचलेला. “बसा,” त्या म्हणाल्या, “कालपासून पाच आया येऊन गेल्या. तो मेसेज ना? तुम्ही मुलगी नेऊ शकता, आई आहात. पण आधी भेटीचं कार्ड. ज्याचं नाव कार्डावर, त्यालाच भेट. कार्ड मुली स्वतः भरतात.”

त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढला, त्यातलं हारिकाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. पद्मानं अंगठा उठवला. मी सवयीनं वाचायला वाकले.

कार्डाला दोन रकाने होते. एकावर छापलं होतं, ‘भेटायला येऊ शकतात.’ त्याखाली हारिकाच्या गोल अक्षरात, ‘आई. राजव्वा आजी.’

माझं नाव. दुसऱ्या कोणी लिहिलेलं माझं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते.

दुसऱ्या रकान्यावर छापलं होतं, ‘भेटू देऊ नये.’ त्याखाली एकच नाव होतं. अक्षर तेच, पण पेन इतका दाबलेला की कागद मागून वर आला होता. ‘अंबादास काका.’

“अक्का, माझं नाव आहे ना?” पद्मा विचारत होती.

“आहे. माझंही आहे.”

“मग पुढचं वाच की.”

मी घोळवेबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. “मी दोनदा विचारलं तिला,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणते, आई आली की सांगीन. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर अगदीच मिटून गेली. तुम्हाला येऊन भेटायचा निरोप मी धाडला होता, शाळेतर्फे.”

“भावजी म्हणाले होते निरोप आलाय,” पद्मा म्हणाली. “फीचं काहीतरी आहे, मी बघतो म्हणाले.”

“आमच्याकडे फी नाही, ताई.”

त्याच वेळी हारिका दारात आली. दोन वेण्या, अंगात निळा स्वेटर. आईला बघून तिचा चेहरा उजळला. मग तिला ते पोतं दिसलं.

“मला न्यायला आलीस?”

“हो बाई. सामान भर पटकन. काका बाहेर टेम्पो घेऊन थांबलेत.”

पोरगी एक पाऊल मागं सरली. उजव्या हातानं तिनं डावं मनगट पकडलं, निळ्या पट्टीवर. मग ती आईकडे न जाता माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला पाठीवर जाणवत होता.

“आजी, तुम्ही कार्ड वाचलंत?”

“वाचलं, बाळा.”

“मग आईला वाचून दाखवा. मला सांगता येत नाही.”

सात वर्षं मी वाचत होते. कितीतरी जणींना पत्रं, निकाल, दवाखान्याचे कागद वाचून दाखवले होते. पण इतकी जड ओळ कधी वाचली नव्हती. वाचली तर पद्माचं डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. न वाचता घडी करून ठेवलं असतं तर अर्ध्या तासात पोरगी त्या टेम्पोत बसली असती, भज्यांची पुडी मांडीवर घेऊन.

मी कार्डावर बोट ठेवलं आणि शब्द शब्द वाचलं.

पद्मा आधी चिडली. “असं का लिहिलंस? काकांनी काय केलं तुझं? घरात ठेवून घेतलंय आपल्याला...” आणि तिथंच तिचं बोलणं तुटलं. ती मुलीकडे बघत राहिली.

“कडी,” ती म्हणाली. “तू आतून कडी लावून झोपायचीस. मी कारखान्यातून आले की दार वाजवत बसायचे. मी तुझ्यावर ओरडायचे.”

हारिकानं फक्त मान हलवली.

“त्याचा डबा द्यायला जायची नाहीस. मी तुला मारलं होतं त्यावरून.”

पोरीनं पुन्हा मान हलवली. मग पद्मा खुर्चीवरून खाली सरकली, फरशीवर बसली, आणि तिनं हात पसरले. हारिका माझ्यामागून निघून त्या हातांत गेली. दोघी रडल्या. घोळवेबाईंनी उठून दार लोटून घेतलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

काही वेळानं मी हारिकाला विचारलं, “दिवाळीत ही पट्टी काढली का नाहीस गं?”

तिनं पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला वसतिगृहाचा फोन नंबर छापलेला होता.

“पाठ होता मला,” ती म्हणाली. “पण भीती वाटली की सगळं विसरायला होतं.”

ज्या पट्टीला मी सहा बायकांसमोर टोळीची खूण म्हणून वाचलं, ती ही पट्टी. मी मान खाली घातली. मोबाइलवर एवढं मोठं कारस्थान वाचलं मी, मुंबई, शेठ, पुढारी, पौर्णिमा. आणि चार घरं सोडून पलीकडे एक पोर कडी लावून झोपत होती, ते मला दिसलं नाही.

“हे मला आता वर कळवावं लागेल,” घोळवेबाई म्हणाल्या. “कायदाच आहे तसा. पोलीस येतील, एक ताई येऊन हारिकाशी बोलतील, सावकाश, ती म्हणेल तेव्हा. मी तिच्याजवळ असेन. तोवर बाहेर त्या माणसाशी एक अक्षरही बोलू नका.”

“पण मी कुठं जाऊ?” पद्मानं माझ्याकडे पाहिलं. “घर त्यांचं आहे, अक्का.”

“ओटा माझा आहे,” मी म्हणाले. “आणि ओट्याच्या मागं खोली आहे. माझा मुलगा पुण्याला आहे, त्याची खाट रिकामी आहे. तू घोरतेस का तेवढं सांग.”

तेवढ्यातही हारिका हसली. “घोरते,” ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अंबादास टेम्पोला टेकून उभा होता. आमच्या मागं कोणी नाही हे बघून त्यानं हातातली पुडी बॉनेटवर ठेवली.

“पोरगी कुठंय?”

पद्मा फाटकाच्या बाहेर येऊन थांबली. पोतं तिनं आतच ठेवलं होतं. आजवर त्या माणसाला तिनं ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“शिकतेय,” ती म्हणाली.

“शिकतेय म्हणजे? वहिनी, टोळी आहे ती! अक्का, तुम्ही तरी सांगा हिला. तुम्हीच वाचलंत ना?”

“मी चुकीचं वाचलं,” मी म्हणाले.

“तुम्ही जा भावजी,” पद्मा म्हणाली. “आम्ही एस.टी.नं येतो.”

“आणि पोरीला इथं अशीच सोडायची?”

“अशीच नाही.” पद्मानं पदर खोचला. “कडी लावून आलेय.”

अंबादासचा चेहरा बदलला. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, टेम्पोत बसला आणि निघून गेला. बॉनेटवरची पुडी वळणावर रस्त्यात पडली.

त्याच दुपारी मी ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. पद्मा माझ्या शेजारी बसली होती, तिचं सूप घेऊन. पोरीची गोष्ट पोरीची होती, त्यातलं मी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “काल मी जे वाचलं ते खोटं होतं. मी स्वतः बघून आले. डोळा झाकलाय तो चष्म्याच्या तपासणीचा फोटो आहे. पट्टीवर फोन नंबर आहे. गाड्या नाहीत, दूधवाल्याची सायकल आहे.”

“लिहिलेलं खोटं असतं?” रामव्वानं विचारलं. तिला खरोखर धक्का बसला होता. माझ्यासारखाच.

“असतं. मला आज कळलं.”

“मग आता आम्ही कोणाचं ऐकायचं?”

मी त्यावर वाटभर एस.टी.त विचार केला होता. “इथून पुढं मी काही वाचलं की तुम्ही मला दोन गोष्टी विचारायच्या. हे कोणी लिहिलं? आणि त्यानं ते स्वतः पाहिलं का? मला सांगता आलं नाही, तर मला बंडल द्यायचं नाही.”

“अरे वा,” रामव्वा म्हणाली, “म्हणजे आमची बंडलं वाचली!”

त्या दिवशी मला एकीनंही बंडल दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. गल्लीतल्या बाकीच्या दोन मुलींना मात्र आमच्या आधीच घरी आणलं होतं, माझ्या वाचण्यावरून. मी दोन्ही घरांत जाऊन हात जोडले. एक मुलगी आठवड्यानं परत गेली. दुसरीच्या बापानं ऐकलं नाही, तिचं उन्हाळ्यात लग्न लावलं. ते माझ्या माथी आहे.

तिसऱ्या दिवशी अंबादासला पोलिसांनी नेलं. मग गल्ली काही महिने आमच्याशी धड बोलेना. एवढा चांगला माणूस, रथाच्या पुढं चालणारा, बाईनंच काहीतरी रचलं असेल, असं लोक म्हणायचे. नळावर पद्माची घागर मागं सारायचे. एकदा रामव्वा कमरेवर हात ठेवून नळावर उभी राहिली आणि विचारलं, “हे कोण म्हणतंय? त्यानं स्वतः पाहिलंय का?” पद्माची घागर भरली गेली.

पुढच्या जूनला हारिकानं नवीन कार्ड भरलं, तेव्हा दुसऱ्या रकान्यात पुन्हा तेच नाव लिहिलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोर्टाचा निकाल लागला. अंबादासला शिक्षा झाली. हारिकानं जे सांगितलं ते न्यायाधीशबाईंनी खरं धरलं होतं.

या सगळ्या काळात पद्मा दुपारी वळायला बसली की कापून उरलेली पानं बाजूला ठेवायची. कात्रीच्या टोकानं पानावर अक्षर ओढलं की पांढरी रेघ उमटते. मी एक काढायचे, ती खाली गिरवायची. ‘र’ला काना लावून ‘रा’ व्हायला तिला चारच दिवस लागले. माझ्यापेक्षा हुशार निघाली.

हारिका दहावीत गेली तेव्हा ती, पद्मा आणि मी, अशा तिघी वसतिगृहात गेलो. चिंचेखाली टेबल मांडलं होतं, मुली रांगेनं कार्ड भरत होत्या. हारिकानं खूप वेळ लावून भरलं. घोळवेबाईंनी शाईची डबी पुढं केली, तर पद्मानं ती परत सरकवली आणि पेन मागितला. जीभ दातांत धरून तिनं सही केली. ‘पद्मा’ मधला ‘द्म’ जरा कलला, पण उभा राहिला.

मी सवयीनं वाचायला वाकले, तर तिनं कार्ड माझ्यापासून लांब धरलं.

“मी वाचते.”

पहिल्या रकान्यात आता पाच नावं होती. आई, राजव्वा आजी, रामव्वा आजी आणि दोन मैत्रिणी. पद्मानं ती सगळी वाचली, प्रत्येक नावावर बोट ठेवून. मग बोट दुसऱ्या रकान्यावर आलं आणि क्षणभर थांबलं. तिथंही काहीतरी लिहिलेलं होतं. मागची रांग खोळंबली होती, पण घोळवेबाईंनी हातानंच सगळ्यांना थांबवलं.

“को... णी,” पद्मा अक्षरं जोडत होती. “ना... ही. कोणी नाही.”

तिनं मुलीकडे पाहिलं. “हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“स्वतः पाहिलंस?”

“हो, आई,” हारिका म्हणाली. “चल, मागं रांग आहे.”